सतरा नंबरचं कव्हर

बाइंडरकडे सहाशेच्या वर रेकॉर्डी होत्या आणि त्यातल्या निम्म्या त्यानं एकदाही धड ऐकलेल्या नव्हत्या. हे कळलं की लोक हसायचे. हसोत बापडे. बाइंडरला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं आणि कळतं असा आवही त्यानं कधी आणला नाही. त्याचा जीव कव्हरांवर. तीही छापखान्यातून धडाधड पडणारी नव्हेत, कुणीतरी हातानं केलेली. ठसा कोरून उठवलेली, रंग बोटानं पुसलेली, कडा दोऱ्यानं शिवलेली. चाळीस वर्षं त्यानं लोकांची पुस्तकं शिवली होती, त्यामुळे टाका पाहिला की शिवणाऱ्याचा हात त्याला कळायचा. "हा माणूस घाईत होता," असं तो म्हणायचा, किंवा "ह्याला मध्येच कुणीतरी हाक मारली बघ, इथं दोरा सैल पडलाय." त्यावर त्याची बायको म्हणायची, "तुमच्या शर्टाचं बटण महिनाभर सैल पडलंय, ते नाही बरं दिसत."

सहाशेंमध्ये लाडकी एकच, सतरा नंबर.

शाळेत गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी तरुणपणी, पदरमोड करून, ही एकच रेकॉर्ड काढली होती. प्रती फक्त दोनशे. कव्हरं केली त्यांच्या नवऱ्यानं. तो सुतार होता, दारं-खिडक्या करणारा. त्यानं फळीवर एक अर्धवट उघडं दार कोरलं, आणि फळीच्या नैसर्गिक रेषा छापात अशा उमटू दिल्या की त्यांची आपोआप जमीन झाली. दाराखालून येणारा उजेडाचा पट्टा मात्र त्यानं प्रत्येक कव्हरावर वेगळ्या रंगात, हातानं ओढला होता. कुठे निळा, कुठे विटकरी. सतरा नंबरवर तो पिवळा होता. पाठीला पाच भोकं, मेण लावलेला दोरा, आणि एका कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर. ह्या सगळ्याहून बाइंडरला आवडायचं ते एक रोपटं. दाराच्या चौकटीशी सुताराची पटाशी घसरली होती आणि फळीवर एक तिरकी रेघ पडली होती. दुसऱ्या कुणी फळी फेकून दिली असती. ह्या पठ्ठ्यानं त्या रेघेला दोन पानं काढली आणि भिंतीतून उगवलेलं रोपटं करून टाकलं. घरी येईल त्याला बाइंडर ते रोपटं दाखवायचा आणि म्हणायचा, "चूक कशी निस्तरावी, ते ह्या माणसाकडून शिकावं."

ही सतरा नंबर मिळाली तेव्हा कव्हर कोरं करकरीत होतं, पण आतल्या तबकडीवर हा एवढा ओरखडा. मग दोन वर्षं खपून त्यानं दुसरी एक प्रत मिळवली. तिचं कव्हर फाटकं, चहाचे डाग पडलेलं, पण तबकडी आरशासारखी. बाइंडरनं दोघींची अदलाबदल केली. चांगल्याला चांगलं जोडलं. जमवणारे लोक हे सर्रास करतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. उरलं फाटकं कव्हर आणि ओरखड्याची तबकडी.

"ती मला द्या," बायको म्हणाली. "मी ऐकेन."

"अगं, ती मध्येच उडी मारते."

"मारू दे. मी कुठे तिच्या मागे धावणारेय?"

आणि अकरा वर्षं ती रेकॉर्ड स्वयंपाकघरातल्या छोट्या प्लेअरवर वाजली. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. बायकोनं कितीदा तरी म्हटलं, एकदा ती चांगली लावा हो, मधलं काय आहे ते तरी कळू दे. पण बाइंडर कसला ऐकतो! प्रत्येक वेळी सुई फिरली की खाच झिजते, असं त्याचं ठरलेलं उत्तर. चांगली तबकडी त्यानं स्वतःसुद्धा एकदाच लावली होती, आणली त्या दिवशी, ठीक आहे ना ते बघायला. बायको तेव्हा माहेरी गेलेली होती. पुढे घराचं रंगकाम काढलं त्या धांदलीत ओरखड्याची तबकडी त्यानं भंगारात देऊन टाकली. बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती गाणं स्वतःच गुणगुणायला लागली, तेव्हा त्याला वाटलं, चला, विषय मिटला.

चांगली तबकडी त्यानं कव्हरात ठेवलीच नाही. आत तबकडी राहिली की कव्हरावर गोल वळ उठतो, आणि सतरा नंबरवर वळ उठणं म्हणजे त्याच्या पाठीवर उठण्यासारखं होतं. कव्हर त्यानं पातळ कागदात गुंडाळलं. तबकडीसाठी स्वतःच्या हातानं एक पाकीट केलं. दुकानात डायऱ्यांच्या कव्हरांसाठी जाड, मऊ, लोण्यासारखं प्लास्टिक यायचं, त्यातलं सगळ्यात भारी निवडलं, दुहेरी घेतलं, कडा गरम पट्टीनं चिकटवून वर शिवण घातली. असं पाकीट बाजारात शोधून सापडलं नसतं. त्यात तबकडी सरकवली, कपाटाच्या वरच्या कप्प्यात उभी ठेवली आणि सव्वीस वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपली.

मग एके दिवशी सकाळी दुकानात चाळिशीची एक बाई आली. हातात पुस्तक नाही, वही नाही. बाइंडरनं खळीचा ब्रश पाण्यात ठेवला.

"काका, तुमच्याकडे दाराचं चित्र असलेली एक रेकॉर्ड आहे असं कळलं," ती म्हणाली. "ती माझ्या आईची आहे. म्हणजे आई गायलीय त्यात."

बाइंडरला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्यानं स्टूल पुसलं, तिला बसवलं आणि तिच्या वडिलांची अशी तारीफ सुरू केली की तिला मध्ये बोलायला फट मिळेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "मी दोन वर्षांची होते तेव्हा बाबा गेले. त्यानंतर आईनं घरात कधी गाणं म्हटलं नाही. शाळेत शिकवायची तेवढंच. उरलेल्या रेकॉर्डी तिनं त्याच वर्षी देऊन टाकल्या. ही गाणी मी ऐकलेलीच नाहीत."

"मग विचारा की त्यांना. म्हणतील तुमच्यासाठी."

"तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला. वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत, बोलायला नाही आणि लिहायलाही नाही." तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "तिला बोलायला शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, कधी कधी गाण्याच्या वाटेनं शब्द परत येतात. तिचंच जुनं गाणं, तिच्याच आवाजात ऐकवून बघा. वर्षभर शोधतेय मी. एकाकडे नुसतं कव्हर निघालं. एकाकडे रेकॉर्ड होती, ती तुटलेली. तुमच्याशिवाय आता कुणाचंच नाव उरलं नाही."

कुणाही शहाण्या माणसानं त्याच दिवशी घरी जाऊन तबकडी बाहेर काढून बघितली असती. पण बाइंडरची छाती फुगली होती. "ताई, निर्धास्त राहा," तो म्हणाला. "एकदाच वाजलीय ती. कालच काढल्यासारखी आहे. रविवारी आईंना घेऊन या, त्यांच्यासमोरच पाकिटातून काढीन." ती गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि बाइंडरनं दिवसभर शीळ घालत पुस्तकं शिवली.

रविवारी सकाळी बायकोनं बाहेरची खोली झाडली, खुर्चीवर उशी ठेवली. बाई आल्या लेकीच्या हाताला धरून, उजवा पाय ओढत. बारीक अंगाच्या, केस पांढरेशुभ्र, डोळे मात्र लख्ख. बाइंडरनं वाकून नमस्कार केला. त्यांनी डावा हात वर केला आणि तोंडातून एक आवाज काढला, "अं". तेवढाच होता त्यांच्याकडे.

आधी त्यानं कव्हर दाखवलं. पातळ कागद उलगडला आणि ते बाईंच्या मांडीवर ठेवलं.  बाईंनी एक बोट पिवळ्या पट्ट्यावरून फिरवलं, चौकटीवरून, आणि नेमकं त्या रोपट्यावर येऊन थांबवलं. लेकीकडे बघून त्या हसल्या. बाइंडरच्या मनात आलं, हेच, ह्याचसाठी जपलं आपण.

मग त्यानं पाकीट काढलं.

शिवण अजून घट्ट होती. टोक कातरून त्यानं तबकडी ओढली, तर ती सरकेना. ओली असल्यासारखी आतून धरून बसली होती. जरा जोर लावला तशी चर्रकन सुटून हातात आली. खिडकीच्या उजेडात बाइंडरनं ती तिरपी धरली. तबकडीवर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर आला होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. प्लास्टिकच्या सुरकुत्या तिच्यावर जशाच्या तशा उठल्या होत्या.

"धूळ असेल," बायको म्हणाली.

"धूळच," बाइंडर म्हणाला. त्यानं मऊ फडकं घेतलं, पाणी घेतलं, पुसलं. थर हलला नाही. परत पुसलं. लेक उभी राहिली होती. "लावून तर बघा काका," ती म्हणाली.

त्यानं लावली. तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा चरचराट झाला आणि तो थांबेचना. त्याच्या मागे, भिंतीपलीकडच्या घरात कुणी बोलत असावं तसं काहीतरी होतं. बाईचा आवाज आहे एवढं कळत होतं. शब्द कळत नव्हते. बाईंनी कान पुढे केला. लेकीनं आवाज मोठा केला, तर चरचर मोठी झाली. बाइंडर पुढचं गाणं लावून बघ, मागची बाजू लावून बघ, असं करत राहिला. दुसऱ्या बाजूला तर तेवढाही आवाज नव्हता.

मागच्या गल्लीत प्लेअर दुरुस्त करणारा एक म्हातारा राहायचा. सगळे त्याला सुईवाला म्हणत. बाइंडरनं फोन केला तसा तो पायजम्यावरच आला. भिंग लावून त्यानं तबकडी बघितली, नाकाशी नेऊन वास घेतला.

"कशात ठेवली होती?"

बाइंडरनं पाकीट पुढे केलं.

"अरेरे," सुईवाला म्हणाला. "मऊ प्लास्टिक! अरे, हे मऊ राहतं ते त्यातल्या तेलामुळे. वर्षानुवर्षं ते पाझरतं. तुझ्या रेकॉर्डात उतरलंय. ही घाण नव्हे धुवायला, खाचाच खाल्ल्यात."

"काही तरी करता येत असेल. तू एवढ्या वर्षांत..."

"वाकलेली असती तर सरळ करून दिली असती. घासलेली असती तर जाड सुई लावून काहीतरी काढलं असतं. ह्याला इलाज नाही." त्यानं पाकीट उलटसुलट केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. "कुठून घेतलंस हे?"

"मीच केलं."

सुईवाल्यानं मान हलवली. "काम सुंदर आहे," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण चहासाठी न थांबता तो निघून गेला.

 बाइंडरला बाईंकडे बघवेना. माफी मागावी तर कशाची मागायची? निष्काळजीपणा केला असता तर निदान तसं म्हणता आलं असतं. उन्हात टाकली असती, हातातून पडली असती, पोरांनी खेळायला घेतली असती, तरी ह्याहून बरी राहिली असती. अकरा वर्षं स्वयंपाकघरात झिजलेली ती ओरखड्याची तबकडी आज असती, तरी तिनं गाणं म्हटलं असतं. तो स्टुलावर बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ह्या हातांचा त्याला फार अभिमान होता.

"जाऊ दे काका," लेक म्हणाली. तिचा आवाज कोरडा पडला होता. "आमचं नशीब. चल आई."

तेव्हा बायको दारातून पुढे आली. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मला येतं त्यातलं एक. म्हणजे येतं असं नाही, ऐकून ऐकून तोंडात बसलंय. माझा आवाज म्हणजे फाटक्या फडक्यासारखा आहे. पण चालत असेल तर..."

लेकीनं आईकडे बघितलं. बाईंनी डावा हात वर केला, म्हणजे म्हणा.

बायको खाली जमिनीवरच बसली, बाईंच्या पायाशी. दोनदा खाकरली. मग डोळे मिटून, भाजी निवडताना म्हणायची तसं म्हणायला लागली:

"दाराशी थांबली सावली,
तिला आत ये म्हणालं कोण..."

सूर कुठल्या कुठे जात होता. पण चाल पक्की होती. पहिली ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा बाईंचे ओठ हलले. तिसऱ्यांदा त्यांच्या घशातून काहीतरी आलं, आणि ते "अं" नव्हतं.

"दा... दाराशी," बाई म्हणाल्या.

लेकीनं तोंडावर हात ठेवला. बायकोनं डोळे उघडले नाहीत, फक्त गाणं हळू केलं, लहान मुलाला चालवताना आपण पावलं हळू टाकतो तसं. आणि बाई तिच्या मागोमाग निघाल्या. थांबली. सावली. एकेक शब्द चाचपडत, पण अख्खा, स्वच्छ, शाळेतल्या बाईंचा असावा तसा. तिला. आत ये. म्हणालं. तीन वर्षांनी बाई बोलत होत्या. बाइंडर स्टुलावरून उठून उभा राहिला होता, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"म्हणालं कोण," दोघी एकदम म्हणाल्या, आणि पुढच्याच श्वासात बायकोनं म्हटलं, "गं, आणि मग उजाडलं."

बाई थांबल्या.

त्यांचं तोंड उघडं होतं, पुढच्या शब्दासाठी जीभ वर उचललेली होती, पण तो शब्द काही आला नाही. बायकोनं डोळे उघडले. "काय झालं? चुकलं का माझं?"

"परत म्हणा ना मावशी," लेक म्हणाली. "पहिल्यापासून."

तिनं परत म्हटलं. बाई परत आल्या, सावलीपर्यंत, दारापर्यंत, म्हणालं कोण इथपर्यंत. आणि परत त्याच जागी बायकोनं उडी मारली आणि बाई एकट्याच मागे राहिल्या. तिसऱ्यांदाही तेच झालं. चौथ्यांदा बाईंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

आता बायकोच्या लक्षात आलं. ती रडवेली झाली. "मधली एक ओळ आहे हो तिथे," ती म्हणाली. "ती मला कधी ऐकूच आली नाही. आमची रेकॉर्ड तिथे उडी मारायची. मी तसंच शिकले. मला वाटायचं, असेल काहीतरी, कधीतरी हे चांगली लावतील तेव्हा ऐकू." तिनं नवऱ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग असता तर त्याला सोसलं असतं.

बाइंडरनं धावत जाऊन सुई त्या जागी ठेवली. चरचराट. जरा मागे ठेवली, जरा पुढे. ओळ तिथेच होती. त्या सायीखाली, त्या खाचेत, सव्वीस वर्षं त्याच्याच कपाटात होती. त्यानं प्लेअरला कान लावला. कुणीतरी भिंतीपलीकडे काहीतरी सांगत होतं.

"काका," लेक म्हणाली, "तुम्ही ऐकली होतीत ना एकदा? तुम्हीच म्हणालात, एकदा वाजलीय."

"हो," बाइंडर म्हणाला.

"मग काय होती ती ओळ? सगळी नको. पहिला शब्द सांगा नुसता. ती बाकीचं आणेल. बघितलंत ना तुम्ही, ती आणते."

बायको त्याच्याकडे बघत होती. बाई बघत होत्या, तोंड अजून तसंच अर्धवट उघडं, मांडीवर कव्हर धरून. बाइंडरनं डोळे मिटले आणि जीव खाऊन आठवलं. तो दिवस त्याला लख्ख आठवला. दुपार होती. खिडकीतून ऊन येत होतं. मांडीवर हेच कव्हर होतं आणि तो पाठीचे टाके मोजत होता, पाच, सगळे एका मापाचे, चौथ्यात दोऱ्याला एक बारीकशी गाठ. शाईला जवसाच्या तेलाचा वास होता. पिवळा पट्टा ओढताना सुताराचा ब्रश उजवीकडे जरासा उचलला गेला होता. मग ते रोपटं म्हणजे घसरलेल्या पटाशीची रेघ आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं होतं आणि त्यानं एकट्यानंच मोठ्यानं "वा!" म्हटलं होतं. खोलीत गाणं चालू होतं.

"आठवतंय का?" लेकीनं विचारलं.

बाईंनी वाट बघत हात पुढे केला.